स्पितीच्या आधी पांदण

निवृत्तीआधी एकदा स्वतःच्या गाडीनं स्पितीला जायचं, हे आमचं ठरलं होतं. मुक्काम, औषधं, स्वेटर सगळं मी तीन महिने खपून जमवलं. गाडी मलाही येते, पण डोंगरात आपणच चालवणार, असं यांचं म्हणणं. परभणीत चढ म्हणजे उड्डाणपूल, म्हणून सरावाला जिंतूरच्या डोंगराकडे निघालो.

चारठाण्याच्या पुढे यांनी डांबरी रस्ता सोडून गाडी पांदणीत घातली.

"अहो, शेताचं पाणी फुटलंय इथं."

"वरून सुकलंय की. तिकडं काय डांबर असणार आहे?"

यांच्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलाला काळी माती कळायला हवी होती. पण पंचवीस वर्षं खुर्चीत गेलेली. चाकं निम्मी आत बसली.

शेजारच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर आणला. "कुठं निघालाव, साहेब?"

"हिमालयात," मी म्हणाले.

"इथूनच?" तो दोर बांधत म्हणाला. "वैनी, लय लांब हाय."

गाडी निघाली. मी इतकी थकले होते की भांडायचं त्राण नव्हतं. नुसता हात पुढे केला. यांनी किल्ली दिली आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

स्पितीलाही ते तिथंच बसणार आहेत.