आतली चांदी

चांदीकाकांनी उभ्या आयुष्यात चांदीला कधी हात लावला नव्हता. ते कल्हईवाले. पितळेचं भांडं निखाऱ्यावर धरायचं, भाता मारायचा, भांडं चांगलं तापलं की चिमूटभर नवसागर टाकायचा. भसकन पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं सरसर फिरवायची. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पिवळ्या भांड्याच्या पोटात चांदी उतरायची. ती बघायला रस्त्यावरची पोरं गोळा व्हायची, त्यांनीच हे नाव ठेवलं. पुढे त्यांचं खरं नाव एका पोस्टमनलाच काय ते ठाऊक राहिलं.

मग स्टीलची भांडी आली आणि भाता थंड पडला. काकांनी स्टीलवर राग धरला नाही. मुलगा लहानपणी भात्याजवळ येऊन बसायचा, तेव्हा त्याला त्यांनीच हुसकून लावलं होतं. या धुरात तू नको, शीक, शहाणा हो, असं म्हणून. मुलगा शिकला, शहाणा झाला आणि जुन्या वस्तूंचं दुकान थाटून बसला. नशिबाला थट्टा करायची हुक्की येते ती अशी.

दुकानात कोळशाची इस्त्री होती, कंदील होते, दौती होत्या, फिरकीचे तांबे होते. गिऱ्हाइकं यायची, कंदिलाला हात लावून उसासा टाकायची, आमच्या आजीकडे होतं हो असंच, म्हणायची. आजी होती तेव्हा हेच लोक तिचं सामान माळ्यावर टाकून मोकळे झाले होते, पण ते त्यांना कोण सांगणार? काका कोपऱ्यात स्टुलावर बसलेले असत. त्यांचं काम एवढंच, की वस्तूंची नावं सांगायची. लांब दांड्याचा खोल डाव कुणी उचलला की ते म्हणायचे, ओगराळं. पसरट भांडं उचललं की तसराळं. लोक खूश व्हायचे, पुन्हा म्हणायला लावायचे, फोनवर टिपून घ्यायचे. बाबांमुळे दुकानाला शोभा आहे, असं सून कौतुकानं सांगायची. या शोभेत आपला नंबर कंदिलाच्या मागे लागतो, हे काका ओळखून होते. पण घरी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं.

एक शब्द मात्र त्यांना कधी कुणी विचारला नाही. कळकणं. तो उचलून बघण्यासारखा नव्हता ना! कल्हई उडालेल्या पितळेत आंबट काही ठेवलं की ते कळकतं. हिरवट झाक येते, आणि मग ते अन्न राहत नाही, विष होतं. काकांचा थोरला भाऊ पाच वर्षांचा असताना असंच काहीतरी खाऊन गेला. त्यानंतरच वडिलांनी हातात भाता धरला. काका धंद्यात शिरले त्या दिवशी वडिलांनी कळकलेल्या दह्यात बोट बुडवून त्यांच्या जिभेला लावलं होतं, आणि लगेच थुंकायला लावलं होतं. "ही चव विसरू नकोस," ते म्हणाले होते. "जिभेवर नाणं ठेवल्यासारखी. एवढं ओळखता आलं, की तू कल्हईवाला." काका विसरले नाहीत. पण पुढे कुणाच्या जिभेला त्यांनी ती लावलीही नाही.

त्या आठवड्यात काका दोन दिवस डोळे तपासायला गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले, तर दारामागचा मोठा पितळी गंज, पाणी भरायचं ते उभट पातेलं, जागेवर नव्हता. सवयीनं ते मागच्या खोलीत डोकावले. पॉलिशच्या चाकाखाली भुकटी पडली होती. ती त्यांनी बोटावर घेतली. पितळेची भुकटी पिवळी असते. ही राखाडी होती, कथलाची.

बोट तसंच धरून ते बाहेर आले.

गंज कुठे गेला, असं त्यांनी विचारलं. मुलगा एका बाईंना दौत दाखवत होता. तो हसून म्हणाला, की नातीच्या शाळेनं आज जुना काळ नावाचा कार्यक्रम ठेवलाय, त्यासाठी काल दुपारीच नेला. त्यात लिंबाचं सरबत करणार आहेत. साखर नीट विरघळावी म्हणून रात्रीच करून ठेवणार होते. आपली छोटीच वाढणार आहे, ओगराळ्यानं.

"आतून काय केलंस त्याला?"

"आतून काळपट दिसत होता बाबा. घासून घेतला. आता आतबाहेर सोन्यासारखा झालाय."

"अरे, ते कळकेल."

हा शब्द छान आहे, असं दौतवाल्या बाई म्हणाल्या. मुलालाही तसंच वाटलं असावं. त्यानं मान डोलावली. शाळेत फोन कर, कुणाला पिऊ देऊ नका म्हणून सांग, असं काकांनी दोनदा बजावलं. त्यानं एकदा लावला. कुणी उचलला नाही, सगळे सभागृहात असतील म्हणाला, आणि पुन्हा दौतीकडे वळला. काका तसेच निघाले. चपला नीट घातल्या की नाही, हेही त्यांना आठवलं नाही.

शाळा दहा मिनिटांवर होती. त्या दिवशी ती संपता संपेना. वाटेत ते मनाशी हिशेब करत होते, काल रात्रीपासून आज सकाळपर्यंत किती तास झाले. जितका आकडा वाढायचा, तितके पाय जड व्हायचे.

सभागृहात पोरं रांगेनं बसली होती. मधोमध टेबलावर गंज, आणि त्याच्या पोटात दिव्यांचा पिवळाधमक उजेड. इतकं सुंदर आणि इतकं वाईट भांडं काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पेले रिकामे दिसले, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. मुख्याध्यापिका धावतच पुढे आल्या. चांदीकाका स्वतः आले, याहून मोठा पाहुणा कोण, असं म्हणून त्यांनी काकांच्या हातात माईक दिला आणि एखादा जुना शब्द सांगा म्हणाल्या.

"हे सरबत कळकलंय," काका म्हणाले. "कुणी पिऊ नका."

पोरं खळखळून हसली. कळकलंय, कळकलंय, असं एका सुरात ओरडायला लागली. एका शिक्षिकेनं तो शब्द फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिला. काकांनी पुन्हा सांगितलं, विष आहे म्हणून सांगितलं, पण त्या गलक्यात माईकचाही आवाज बुडाला. टाळ्या वाजत होत्या. पहिल्या रांगेला पेले भरून द्यायला कुणीतरी सांगितलं.

तेव्हा काकांनी माईक खाली ठेवला, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि टेबल उलथलं.

गंज घणघणत लोळला. सरबत फरशीवर पसरलं, पांढऱ्या फरशीवर त्याची हिरवट झाक सगळ्यांना दिसली, आणि सभागृह एकदम चिडीचूप झालं. मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. कुणीतरी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणालं. काकांनी ऐकलं, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एकाही पोराच्या ओठाला पेला लागला नव्हता. कित्येक वर्षांनी आपण काहीतरी कामाचं केलं, असं त्यांना वाटलं.

नात भिंतीशी उभी होती. नऊ वर्षांची पोर, हातात अजून ओगराळं. आजोबांनी सगळ्यांदेखत लाज आणली म्हणून रुसली असेल, असं समजून ते तिच्याजवळ गेले आणि डोक्यावरून हात फिरवला. कपाळ घामानं भिजलं होतं.

"आजोबा, आम्ही वाढणाऱ्यांनी आधीच घेतलं," ती हळूच म्हणाली. "बाईंनी सांगितलं होतं, गोड झालंय का बघा. मी दोन पेले घेतले."

काका तिच्यापुढे खाली बसले. डॉक्टरांना बोलवा, असं ते ओरडले, तेव्हा कुठे माणसं पळाली.

"चव कशी लागली, बाळा?"

तिनं जरा विचार केला. पोटावर हात दाबून धरला.

"तोंडात नाणं ठेवल्यासारखी," ती म्हणाली. "त्याला काय म्हणतात, आजोबा?"