पितळेच्या मानेवरच्या भेगा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वसई पूर्वेच्या एका लहान कारखान्यात धातुतज्ज्ञ म्हणून नोकरीला होते. आम्ही पितळेचे सुटे भाग करायचो. एकदा लष्करासाठी संशोधन करणाऱ्यांकडून वेगळंच काम आलं. हलक्या मशीनगनसाठी ते एक नवं काडतूस करून बघत होते. रायफलीच्या लहान काडतुसापेक्षा दमदार, पण जुन्या जाड काडतुसापेक्षा हलकं, म्हणजे जवानाच्या पाठीवरचं ओझं कमी. दारू आणि गोळी त्यांची, आम्ही फक्त रिकाम्या पितळी पुंगळ्या करून द्यायच्या.

पहिला लॉट सुरेख उतरला. पण काही आठवड्यांनी खोके उघडले, तर कित्येक पुंगळ्यांच्या मानेवर, जिथे गोळी घट्ट बसते त्या अरुंद भागावर, केसासारख्या भेगा पडलेल्या.

साहेबांनी एक पुंगळी माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, भट्टी तुमच्याकडे आहे. काय समजायचं?"

"भट्टीचं तापमान बरोबर होतं, सर. मी स्वतः बघितलंय."

"मग पितळ आपोआप तडकलं?"

अशी पुंगळी बंदुकीत फुटली, तर त्या बंदुकीला गाल टेकवून पडलेल्या माणसाचं काय होईल, हा विचार एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या घरापर्यंत माझ्याबरोबर यायचा.

रविवारी आम्ही वसई पश्चिमेच्या होळी भागात, सासऱ्यांच्या वाडीत गेलो. ते भाजीच्या वाफ्यांसाठी कोंबडीखताचा ढीग उकरत होते. मी जवळ गेले, तोच नाकात झणका बसला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"लांब हो गं," सासरे म्हणाले. "अजून कुजलं नाही ते."

मी हलले नाही. अमोनियाचा तो वास माझ्या ओळखीचा होता. कारखान्यात जागा नाही म्हणून आम्ही खोके मागच्या भाड्याच्या शेडमध्ये ठेवले होते, आणि तिच्या भिंतीला लागूनच म्हशींचा तबेला होता; तिथेही हाच वास यायचा. घडवताना आत ताण राहिलेलं पितळ अमोनियाच्या वाफेत तडकतं, हे तर मी कॉलेजात शिकले होते.

"बाबा, सापडलं बहुतेक."

"काय हरवलं होतं?" ते इकडेतिकडे बघू लागले.

सोमवारी मी त्याच लॉटमधल्या, ऑफिसच्या कपाटात राहिलेल्या पुंगळ्या काढल्या. एकीवरही भेग नव्हती. साहेबांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं.

"शेड आजच रिकामी करा," ते म्हणाले. "आणि ताणाचं काय करायचं?"

"मान घडवून झाली की पुन्हा हलकं तापवू, सर."

दुसरा लॉट तसा केला. चाचणीच्या दिवशी आम्हा दोघांना गोळीबाराच्या मैदानावर बोलावलं होतं. जाड भिंतीमागे कान झाकून मी उभी होते. मशीनगन न अडखळता धडधडत राहिली. थांबल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने ट्रेमधून तापलेल्या पुंगळ्या आणल्या आणि एकेक फिरवून बघितली.

"सगळ्या धड आहेत," तो म्हणाला.

मी तिथल्याच एका लाकडी पेटीवर बसले.

ते काडतूस पुढे सैन्यात आलं नाही, चाचण्यांवरच थांबलं. साहेब हळहळले. मला फारसं वाईट वाटलं नाही. चाचणीहून परतल्यावर मी दुपारीच आडवी झाले होते, आणि कितीतरी आठवड्यांनी गाढ झोपले होते.