जंपर खालच्या जोडीवर

कारखान्यात त्याला सगळे चिमटा म्हणत. खिशात पेनाच्या जागी बारीक चिमटा असे म्हणून, आणि अंगकाठीही तशीच म्हणून. त्याचं काम ऐकून लोकांना हसू येई. भट्टीतल्या तापमापक तारेचा इवलासा विजेचा संदेश संगणकाला कळेल एवढा मोठा करणाऱ्या डब्या असतात. त्या उघडायच्या आणि आतल्या पिनांच्या जोडीवर डाळीच्या दाण्याएवढी टोपी, म्हणजे जंपर, बसवायची. बस्स. पण केस पिकेपर्यंत हेच काम त्याने मान मोडून, चोख केलं होतं.

त्यातला एक जंपर जोखमीचा. तार तुटली तर डबीने काय सांगायचं, ते तो ठरवतो. वरच्या जोडीवर असला तर डबी सांगते, भट्टी भयंकर तापली. मग भोंगा वाजतो, भट्टी आपोआप बंद होते; दोन्ही एकाच बटणावर. खालच्या जोडीवर असला तर सांगते, भट्टी गार आहे. भट्टीच्या डबीत तो वरच हवा, हे चिमट्याने झोपेतही सांगितलं असतं.

रोगण सुकवायच्या भट्टीवर त्याचे भाऊजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान. तार जुनी झालेली, मधूनच सुटायची, पुन्हा चिकटायची. दर वेळी भोंगा, भट्टी बंद, माल अर्धा ओला, आणि वर साहेबांच्या शिव्या. नवी तार कधी येणार विचारलं की भांडारवाला आढ्याकडे बघायचा.

"कान किटले रे बाबा," भाऊजी म्हणाले. "तुझ्या त्या टोपीचं कर की काहीतरी. नवी तार येईपर्यंत."

"भाऊजी, ते बरं नाही."

"मला काय भट्टी कळत नाही? अरे, तुझ्या बहिणीपेक्षा मोठ्यांदा ओरडतो तो भोंगा!"

दोघेही हसले. चिमट्याने जंपर उचलून खालच्या जोडीवर बसवला. वडील गेल्यावर त्याला शिकवलं, कामाला लावलं ते भाऊजींनीच; त्यांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात तार तुटली. पडद्यावर भट्टी गार दिसत होती, म्हणून संगणक ती तापवत राहिला. भोंगा वाजलाच नाही. गार का पडली म्हणून बघायला भाऊजींनी दार उघडलं, आणि आत साठलेल्या रोगणाच्या वाफेने भडका घेतला. जीव वाचला. डोळे गेले.

चौकशीला आलेल्या इंजिनिअरबाईंनी ती डबी चिमट्याच्याच हातात दिली. "बघा बरं, हिच्यात काही खोट आहे का. नसेल तर भोंग्याचं बटण भट्टीवाल्यानेच बंद केलं असणार."

तो आपल्या टेबलाशी गेला, डबी उघडली आणि जंपर वर बसवला. तो पहिल्याच खेपेला चोख बसला, याचा त्याला पुढे फार राग आला.

"डबी ठीक आहे," तो म्हणाला.

दवाखान्यात बाईंनी हेच भाऊजींना सांगितलं.

"कोणी बघितली डबी?" पट्ट्यांखालून भाऊजींनी विचारलं.

"तुमच्या मेहुण्यानेच."

भाऊजींनी चादरीची घडी बोटांनी सारखी केली. चिमटा पलंगाच्या पायथ्याशीच उभा होता. तो खिशातला चिमटा चाचपत राहिला.

"मग बटण मीच बंद केलं असेन," भाऊजी म्हणाले.

तेव्हापासून घरात तेच खरं. बहीण नवऱ्याला हाताने भरवते आणि भरवता भरवता बोलून घेते. "चालता भोंगा कोणी बंद करतं का? जरा माझ्या भावाकडे बघा. आयुष्यात एक चूक नाही." आणि भावाचं ताट पुढे सरकवते.

गेल्या खेपेलाही तसंच झालं. चिमटा ताटावर नुसता बसून होता.

"त्याला काय हवं-नको बघ गं," भाऊजी म्हणाले. "जेवत नाहीये तो. आवाज येत नाही."

चिमट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने घास घेतला, आणि भाऊजींना ऐकू जाईल असा चावला.