काजळीखालचे आकडे

न्युरेम्बर्गपासून तासाभरावरच्या खेड्यात आम्ही लाकडाचं जुनं घर घेतलं, तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. चौकोनी तासलेले ओंडके एकावर एक रचलेले, कोपऱ्यांत एकमेकांत अडकवलेले. मी मेकॅनिकल इंजिनियर. त्या सांध्यांवरच भाळले. स्वयंपाकघराची भिंत मात्र चुलीच्या धुराने काळीकुट्ट होती. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीने, म्हणजे डेंकमालआम्टने, बजावलं होतं की ती काजळी घराचा इतिहास आहे, तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही. नाहीतर दुरुस्तीची परवानगी विसरा.

हे मी सगळ्यांना सांगितलं. दिवाळीसाठी पुण्याहून आलेल्या आईला तेवढं सांगायचं राहिलं.

एक दिवस घरी आले, तर हात पोचेल तिथवर भिंत चक्क पिवळसर दिसत होती. शेजारी रिठ्याच्या पाण्याची बादली.

"ऐन दिवाळीत भिंतीवर काजळी ठेवतं का कुणी?" आई म्हणाली.

मी नको तितकी ओरडले. कारण कळल्यावर ती एवढीशी झाली. "माझ्यामुळे तुझं घर अडकणार," म्हणत तिने चकलीचा सोऱ्या पीठ न भरताच उचलून ठेवला. मला माझीच लाज वाटली.

तपासणीला आलेल्या बाईंनी भिंत पाहून आधी डोळे मिटले. मग टॉर्च काढून सरळ जमिनीवर आडव्या झाल्या. ओंडक्यांच्या टोकांना सुताराने छिन्नीने रोमन आकडे कोरले होते. खालून वर चार, सात, पाच. सहाचा पत्ताच नाही.

"आल्झो, म्हणजे हे घर मुळात इथलं नाहीच," त्या म्हणाल्या. आधी दुसरीकडे उभं होतं, आकडे टाकून सुटं केलं, इथे आणून पुन्हा रचलं आणि रचताना कुणीतरी घोळ घातला. कचेरीच्या कागदांत यातलं काहीच नव्हतं.

परवानगी मिळाली, उरलेल्या काजळीबद्दल सक्त ताकीद देऊन. मग बाईंनी विचारलं, "साफ कुणी केलं?"

आईला रोख बरोबर कळला. ती पुढे झाली. "दंड असेल तर मला करा म्हणावं. हिला काही ठाऊक नव्हतं."

बाई हसल्या आणि फाइलमध्ये लिहू लागल्या. घराच्या इतिहासातली शेवटची नोंद मी आईला मराठीत सांगितली: पाहुणी म्हणून आलेल्या आईने सणासाठी काजळी काढली, त्यामुळे आकडे सापडले.

आईने ती मला पुन्हा सांगायला लावली.

"पाहुणी काय म्हणून?" ती म्हणाली. "घरच्या आईने, असं लिहायला सांग."

मी सांगितलं. बाईंनी खोडून तसं लिहिलं.