पार्किंगमधली होडी

आमच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला एक पार्किंग आहे. आमच्या पार्किंगमध्ये होडी आहे. ॲल्युमिनियमची, विटांवर पालथी घातलेली. गाडी आमच्याकडे कधी नव्हतीच. शनिवार पेठेत राहणाऱ्या माणसाला गाडी लागत नाही, पाय लागतात, असं बाबांचं म्हणणं. मग होडी कशाला लागते, हे विचारायला मात्र कुणी धजावलं नाही. एकदा सोसायटीने फळ्यावर लिहिलं, 'ही पार्किंगची जागा आहे, बंदर नव्हे.' बाबांनी त्याखाली खडूने लिहिलं, 'होडी पार्कच केलेली आहे.' विषय तिथेच संपला.

बाबा निवृत्त गणिताचे शिक्षक. दर हिवाळ्यात होडी टेम्पोत घालायची, पानशेतच्या रस्त्याला धरणाच्या मागच्या पाण्यावर न्यायची आणि स्वतः वल्हवायची, हा त्यांचा नेम. मासे धरायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत. नुसतं जायचं आणि यायचं. मी त्या होडीत लहानपणापासून बसत आले, पण वल्ह्यांना कधी हात लावलेला नाही. "तू बस. हलू नकोस," एवढीच माझी नेमणूक होती.

मग त्यांचा उजवा खांदा दुखावला. वल्हवणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या वर्षी होडी पार्किंगमधून हललीच नाही, आणि बाबाही खुर्चीतून फारसे हलेनात.

श्रावणात एक रिसॉर्टवाला आला. होडीवर थाप मारून म्हणाला, "काका, लई भारी हाय. लॉनवर ठिवतो, मधी चाटचा काउंटर करतो. पब्लिक फोटो काढंल."

आता बाबा याला फाटक दाखवणार, म्हणून मी मजा बघायला सरसावून उभी राहिले. तर बाबा म्हणाले, "चहा घेणार का?"

आमच्या घरात अनोळखी माणसाला चहा विचारणं ही साधी गोष्ट नाही. बाबांनी हार मानली, हे मला तिथेच कळलं. चहा पिऊन झाल्यावर बाबा त्याला म्हणाले, "दसरा झाला की घेऊन जा."

"नाही न्यायची," मी म्हणाले. "मी वल्हवीन."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू?"

मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. बँकेत चार माणसं मला विचारून सह्या करतात. पण त्या एका अक्षराने मी थेट चौथीत जाऊन बसले. माझं तोंड बघून बाबा जरा नरमले. "ठीक आहे. आधी तो रंग काढून नवा लाव. दसऱ्याला तुझ्या हातून पाण्यावर नीट चालली, तर राहील. नाहीतर भेळ."

रंग काढायचा म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. खंडेनवमीला लोक हत्यारांना, गाड्यांना हळदकुंकू वाहतात. बाबा होडीला रंग द्यायचे, आणि तोही त्या वर्षी घरात जो उरला असेल तो. जुना काढून नवा लावणं म्हणजे त्यांच्या मते चांगला रंग वाया घालवणं. त्यामुळे होडीच्या अंगावर आमच्या घराचे सगळे उरलेले डबे थरांवर थर चढले होते.

आई म्हणाली, "धुण्याचा सोडा लाव, झटकन निघेल." बाबा ओरडले, "सोड्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. माझा डबा असाच घालवलास." डब्याची ती गोष्ट माझ्या जन्माच्या आधीची आहे आणि अजून मिटलेली नाही. मग मी बुधवार पेठेत रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "कशावरचा काढायचाय?"

"होडीवरचा."

"पुण्यात?" एवढं म्हणून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड केलं. त्याचं संपल्यावर ॲल्युमिनियमला चालणारा रिमूव्हर काढून दिला आणि लोखंडी पत्र्याने खरवडू नका म्हणाला, ओरखडे पडतात. म्हणून मी आईचं लाकडी उलथणं घेतलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

रिमूव्हर लावला की रंगाला सुरकुत्या पडायच्या आणि उलथण्याखाली साल निघायची. वरचा निळा निघाला, खाली गच्चीवरच्या टाकीचा करडा. त्याखाली स्वयंपाकघराचा पिस्ता, आणि त्याच्याही खाली न्हाणीघराचा गुलाबी, जो आईने हट्टाने आणला होता आणि बाबांनी जन्मभर ऐकवला होता. बाबा खाली खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक थराला नाव सांगायचे. किती दिवसांनी ते आपणहून इतके बोलत होते. मला हात भरून आल्याचंही वाटेना. खोटं कशाला सांगू, तो गुलाबी थर मी मुद्दाम सावकाश काढला.

शेवटी धातू उघडा पडला आणि पार्किंग उजळून निघालं. आई गॅलरीतून म्हणाली, "साठवणीच्या डब्यासारखी दिसतेय." बाबा खूश होते. म्हणाले, "सुलटी कर आणि आत पाणी सोड. कुठे गळतेय का बघून घेऊ."

आम्ही नळी लावली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पत्रे जोडणाऱ्या एका रिव्हेटमधून धार लागली, शेजारच्या दुसऱ्यातून लागली, आणि बघता बघता होडीच्या दोन्ही अंगांनी कारंजी उडायला लागली. सेक्रेटरी पाण्याच्या नासाडीबद्दल बोलायला आले आणि बघतच राहिले.

बाबा पायजमा भिजेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी रंगात बसून वल्हवत होतो."

मला हसू आवरेना आणि रडूही येत होतं. होडीला धरून ठेवणारं कवच मीच सोलून काढलं होतं. दसरा तोंडावर, आणि माझ्यासमोर एक चकचकीत चाळण. भेळवाला जिंकला, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा.

बाबा म्हणाले, "रडायला वेळ नाही. हातोडी आण."

सैल रिव्हेट आवळायला दोन माणसं लागतात. एक आतून जड लोखंड टेकवून धरतो, दुसरा बाहेरून ठोकतो. बाबांना ठोकणं जमणार नव्हतं, पण डाव्या हाताने धरणं जमत होतं. तेव्हा होडी पुन्हा पालथी करून उंच ठोकळ्यांवर ठेवली आणि ऐंशीचे बाबा खाली पाटावर जाऊन बसले. बाहेरून फक्त त्यांच्या चपला दिसायच्या. आतून आवाज यायचा, "हं!" की मी ठोकायचं. चुकलं की आतून, "आंधळी आहेस का?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन येत होत्या. होडीनेच त्यांना विचारलं, "गवार कशी दिली?" त्या पिशवी टाकून पळाल्या.

सांधे बुजवले, प्रायमर लावला. रंगासाठी मी माळ्यावरचा अर्धा डबा काढला, तर बाबांनी तो परत ठेवायला लावला. रिक्षा करून स्वतः बुधवारात गेले आणि नवा पांढरा, सीलबंद डबा घेऊन आले. आईने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

संध्याकाळी हॉलमध्ये स्टुलावर बसून मी दोन लांब दांड्यांचे झाडू घेऊन वल्हवण्याचा सराव करायचे. आई म्हणाली, "निदान जाळी तरी काढ."

दसऱ्याच्या सकाळी पाण्यावर वारा नव्हता. बाबा माझ्यासमोर, तोंड पुढे करून बसले. मी काठापासून होडी लोटली आणि पहिलं वल्हं मारलं. आत थेंब नाही. दुसरं मारलं. होडी सरळ जाण्याऐवजी तिरपी गेली. "डावा हात झोपलाय," बाबा म्हणाले. नंतर "पाठ", नंतर "घाई कसली आहे". कौतुकाचा शब्द म्हणून नाही. काठ मागे राहिला तरी या परीक्षेचा निकाल काय, ते मला कळेना. विचारायची हिंमत नव्हती. मी नुसती वल्हवत राहिले.

पाण्याच्या मध्यावर त्यांचा फोन वाजला. रिसॉर्टवाला होता. टेम्पो कधी पाठवू, असं विचारत असावा. बाबांनी समोरच्या डोंगराकडे बघत सांगितलं, "नाही हो, होडी देता येणार नाही. आमच्याकडे वल्हवायला माणूस आहे."

मला इतका आनंद झाला की डावं वल्हं हुकलं आणि सगळं पाणी बाबांच्या अंगावर उडालं.

बाबांनी फोन खिशात ठेवला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं झालं, व्हिडिओ कॉल नव्हता."