पंखाच्या पोटातल्या खुर्च्या

तानू गेल्याचं हरबा पांचाळला कळलं ते मंगळवारी सकाळी, कारखान्यात रंधा मारताना. फोरमन दारात येऊन म्हणाला, "विमान खाडीत पडलं. कुणी राहिलं नाही." हरबाने रंधा खाली ठेवला.

ते विमान म्हणजे नुसता एक प्रचंड पंख होता. ना शेपूट, ना धड. उतारूंनी पंखाच्या पोटातच बसायचं. पंखाचं लाकूड हरबाने जोडलं होतं, वरचं कापड त्याच्या बायकोने, तानूने, शिवलं होतं. चाचणीला वजन हवं म्हणून साहेबांनी वाळूच्या पोत्यांऐवजी कामगार बसवले. तानू हौसेने बसली.

आज तिचा दहावा. पिंडाला कावळा शिवेना. "तिची काय इच्छा राहिली असेल ते बोला, दाजी," तिचा भाऊ म्हणाला. हरबा पिंडावरच्या माश्या हाकत राहिला. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. आता भर दुपारी तो चटईवर आडवा झालाय. डोळे जड होतात, माश्यांची घोंघों लांब जाते.

चटई वेताच्या खुर्चीसारखी टोचते. तो पंखात बसलाय. दोन्ही बाजूंना लाकडी फासळ्या. सुटाबुटातले उतारू बासुंदी ओरपतायत, ओघळ हनुवटीवर. बासुंदी नासलेली आहे. समोर त्याच्याच घरची चूल, आणि चुलीपुढे तानू पाटावर बसून कापड शिवतेय.

"वास येतोय ना?" ती विचारते.

"कसला?"

"माझ्यासमोर तरी सोंग नको. तुमच्या सरसाचा."

लाकूड चिकटवायचा, दुधापासून केलेला तो सरस कालवला की चार तासांत वापरायचा, उरला तर फेकायचा. सरसाच्या भुकटीचा डबा संपला होता, साहेबांना घाई होती. हरबाने आदल्या दिवशीचा, आंबलेला सरस पाणी घालून लावला, आणि सांध्यावर 'पास'चा शिक्का स्वतःच मारला.

"मी चढले तेव्हा शिडी तुम्हीच धरली होती."

"हो."

"पदर सांभाळ म्हणालात. बस?"

"उतर म्हणालो असतो तर का, ते सांगावं लागलं असतं."

"माझा एक टाका चुकला तर अख्खी ओळ उसवायला लावायचात. मोठे कारागीर!"

पाटाखालून खाडीचा काळा चिखल वर येतो. उतारू खातच राहतात. शी, कसली ही माणसं, असं हरबाच्या मनात येतं. मग दिसतं, त्याच्याही हातात वाटी आहे. त्याचंही तोंड भरलेलं आहे.

"माझं सोडा," तानू म्हणते. "सगळं त्या वैमानिकावर ढकलतायत. मेलेलं पोर काय बोलणार? त्याची आई बाजारात जाते तर लोक थुंकतात."

"मी काय करू?"

"हात इकडे करा." ती मेण लावलेला दोरा त्याच्या अंगठ्याला करकचून गुंडाळते, दाताने तोडते. "लिहिता येत नाही ना? मग हा उठवा कागदावर."

चिखल तिच्या गळ्याशी येतो. तो हाक मारतो, पण तोंडातून नुसती आंबट साय गळते.

हरबा उठून बसतो. उन्हं कलली आहेत. उजव्या अंगठ्याला मेणाचा दोरा आहे, गाठ तानूची, आणि अंगठा निळा पडलाय.

चौकशीचे अधिकारी उद्या सकाळी परत जाणार आहेत. हरबाने अजून जबानी दिलेली नाही.