अक्काचे सात बॉल

माझ्या लिखाणामुळे आजवर एकाच घरासमोर गर्दी झाली आहे, आणि ते घर आमचंच होतं.

भडगावात आमच्या गल्लीमागच्या शाळेत आई चौथीला शिकवते. केंद्रप्रमुख सरांनी ठरवलं, की प्रत्येक शिक्षकाने ‘आपल्या गल्लीतलं माणूस’ या विषयावर दोन पानांचा वाचनपाठ तयार करायचा. एआयची मदत चालेल. मात्र थोडं स्वतःचंही हवं, आणि एआयच्या ओळींखाली निळी रेघ मारायची. चांगला पाठ मंगळवारच्या शिक्षण परिषदेत वाचला जाणार होता. एकोणीस वर्षांच्या नोकरीत आई त्या परिषदेत फक्त चहा वाटायला उठली होती. या वेळी तिला वाचायला उठायचं होतं.

पण तिला शाळेची ऑनलाइन माहिती भरायची होती. (ती कायमच भरायची असते.) “तू घरीच आहेस, तू लिही,” ती म्हणाली. मी घरून नोकरी करते. आमच्याकडे ते ‘घरी असणं’ यातच धरतात.

माणूस म्हणून मी अक्काला निवडलं. अक्का म्हणजे बाबांची आत्या, आमच्याच घरात राहते. दुसऱ्या कुणावर लिहायचं तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं.

मी जळगावला इंग्रजी माध्यमात शिकले. मराठी मला येतं, पण लिहायला बसले की तहसीलदारांना अर्ज करतेय असं वाटतं. अख्ख्या दुपारी अकरा वाक्यं झाली. ‘अक्का उंच आहेत. अक्का पहाटे पाचला उठतात. अंगणात बॉल आला तर त्या तो ठेवून घेतात. त्यांच्याकडे सात बॉल आहेत. त्या ते परत देत नाहीत.’ वगैरे. सगळं खरं होतं. पाठ मात्र पाव पानावर थांबला होता.

उरलेलं एआयकडून घेतलं. त्याने अक्काला न बघता लिहिलं: ‘अक्कांच्या भरिताचा सुगंध गल्लीभर दरवळतो. मुलं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या दारातून एकही मूल उपाशी परत जात नाही.’ अक्काच्या दारातून मुलं पळत परत जातात. उपाशी की कसं, हे सांगायला कुणी थांबत नाही. पण ते इतकं गोड होतं, की मी त्यातच माझी वाक्यं मधेमधे बसवली. शेवटी त्याने आपणहून जोडलेली ‘कृती’ही राहू दिली: ‘अक्कांना भेटा, त्यांच्यासोबत भरीत खा आणि त्यांना पाच प्रश्न विचारा.’

त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या शाळेत पुस्तकातली कृती कुणी करत नसे. प्रोजेक्ट तर सगळे दुकानातून तयारच आणायचे. आईच्या शाळेत कृती खरोखर करतात, हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी आईने पाठ न वाचताच (ऑनलाइन माहिती!) झेरॉक्स काढून वर्गात वाटला. निळ्या रेघा नंतर मारू, असं ठरलं.

रविवारी सकाळी नऊला आमच्या फाटकाशी तीस मुलं उभी होती. सगळ्यांच्या हातात वह्या. काहींच्या हातात ताटल्या. एका मुलीच्या हातात बॅट.

अक्का ओट्यावर गहू निवडत होती. पुढच्या मुलीने वही उघडून पहिला प्रश्न वाचला. “आजी, तुम्हाला मुलं इतकी का आवडतात?”

अक्काने सूप खाली ठेवलं. “कोनी सांगं?”

“पाठमा लिखेल शे.”

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीकडे पाहिलं.

बॅटवाली थांबली नाही. “आजी, त्या सात बॉल कव्हय देशी?”

अक्काचं डोकं फिरलं की ती अमळनेरला भावाकडे निघून जाते. मी मनातल्या मनात एसटीच्या वेळा आठवू लागले. ती गेली, की मुलं सोमवारी शाळेत सांगणार, पाठ खोटा आहे. आणि मंगळवारी आई पुन्हा चहा वाटणार. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरच्या नानांनी पेपर खाली केला.

“तीस वरीस समोर राह्यनू, अक्का. माले तं कधी भरीत भेटनं नही.”

अक्काने पदर कमरेला खोचला. मग मला म्हणाली, “वांगा लय. पाच किलो.”

मी बाजारातून वांगी आणली आणि पुढचे दोन तास परसात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून ती भाजली. धुरातून एकीने विचारलं, “ताई, पाठ तुम्ही लिहिला?” मी “थोडासा” म्हणाले. आई न्हाऊन बाहेर आली, समोर अख्खा वर्ग पाहिला आणि सवयीने हजेरी घेतली. दोघं गैरहजर होते. अक्काने मिरच्या घालून भरीत कुटलं आणि ताटल्यांमध्ये वाढलं. नानांनाही वाढलं, जरा आपटून.

शेवटी तिने धान्याच्या कोठीमागून पत्र्याचा डबा काढला. बॅटवालीने बॉल मोजले. नऊ निघाले.

म्हणजे एआयने लिहिलेलं सगळं दुपारपर्यंत खरं झालं होतं. पाठात चूक एकच होती, आणि ती माझी होती.

मंगळवारी आईने परिषदेत पाठ वाचला. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. निळ्या रेघा मारायच्या राहूनच गेल्या होत्या, पण सर म्हणाले, “असू द्या मॅडम, मला वाचताच कळतं.” आणि त्यांनी स्वतःच पेन काढून त्या मारल्या.

आईने कागद माझ्यासमोर ठेवला. रेघा माझ्या वाक्यांखाली होत्या. अकराच्या अकरा, एकही सुटलं नव्हतं. ‘जीव की प्राण’च्या शेजारी सरांनी लिहिलं होतं, ‘इथे सुनेची माया दिसते.’

“तू सांगितलं नाहीस त्यांना?”

“टाळ्या चालू होत्या गं,” आई म्हणाली.

अक्काने चष्मा लावून कागद हातात घेतला, बोट ठेवून वाचला आणि माझ्याकडे वळली. “सात कसाले लिखं? नऊ व्हतात.”

पाठाखाली सरांचा शेरा आहे: ‘मजकूर जिवंत आहे. पुढच्या वेळी एआयचा भाग कमी करावा.’

सूचना मान्य आहे. पुढच्या पाठात मी नसेन.